नळाचं पाणी जड आहे का? घरीच तपासा

सोलापुरात उजनीचं नळाचं पाणी आणि बोअरचं पाणी बऱ्याचदा एकाच टाकीत पडतं. म्हणून नमुना टाकीतून घेऊ नका; नळाला पाणी आल्यावर पाच मिनिटं वाहू द्या, मग भरा. बोअरचा वेगळा घ्या.

टीडीएस मीटरवर विसंबू नका. तो एकूण विरघळलेले क्षार दाखवतो, ज्यांच्यामुळे पाणी जड होतं ते कॅल्शियम-मॅग्नेशियम वेगळे सांगत नाही. जडपणासाठी थेंब मोजायचं किट आणा: किटमधल्या रंगसूचकाने लाल झालेलं पाणी निळं होईपर्यंत थेंब टाकत हलवायचं. घाई केली की आकडा चुकतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतं.

तुरटीने गाळ बसतो, जडपणा जात नाही. उकळल्याने थोडा उतरतो. किटलीच्या तळाचा पांढरा थर तोच. तो काढायला लिटरभर पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व घालून उकळा, अर्धा तास ठेवा, दोनदा धुवा. त्यात ब्लीचिंग पावडर कधीही मिसळू नका, विषारी वायू सुटतो. गीझरच्या कॉइलवरही हाच थर चढतो, म्हणून वीज जास्त लागते. बोअरचं पाणी गीझरला जोडूच नये, हे आमचं स्पष्ट मत.