भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांतील निवांत सायकलवाटा

पुण्याच्या नैर्ऋत्येला सह्याद्रीच्या मुख्य रांगेतून डोंगरांचे जे फाटे पूर्वेकडे निघतात, त्यांच्यामधल्या खोऱ्यांना आपण मावळ म्हणतो. राजगड-तोरण्याच्या उत्तरेला कानंदी आणि गुंजवणी, दक्षिणेला वेळवंडी, तिच्या पलीकडे नीरा आणि रोहिडा-रायरेश्वराच्या कुशीत रोहिड खोरे, अशी ही रचना एकदा डोळ्यांपुढे उभी राहिली की सायकलसाठी रस्ता निवडण्याचे निम्मे काम झालेच म्हणून समजावे. या भागातले रस्ते मुख्यतः दोन प्रकारचे आहेत. काही रस्ते नदीच्या कडेने खोऱ्याच्या टोकापर्यंत जातात आणि डोंगराच्या पायथ्याशी संपतात, तर काही रस्ते खिंड किंवा घाट ओलांडून शेजारच्या खोऱ्यात अथवा खाली कोकणात उतरतात. पहिल्या प्रकारच्या रस्त्याला पलीकडे जाणारी वाहतूकच नसते. त्यावर भेटते ती मुक्कामाची एस.टी., दुधाची गाडी, गावकऱ्यांच्या दुचाकी आणि शाळेत चालत निघालेली मुले. म्हणून ज्यांना निवांतपणा हवा आहे त्यांनी संपणारे रस्ते निवडावेत, अशी माझी पहिली आणि ठाम शिफारस आहे.

त्याच रस्त्याने परत यावे लागते म्हणून अनेक सायकलपटू असे मार्ग टाळतात, परंतु या खोऱ्यांत ती अडचण नसून सोय आहे. खोरी पूर्वेकडे उघडी असल्यामुळे सकाळी पश्चिमेकडे जाताना ऊन पाठीवर असते आणि दुपारनंतर परतताना पुन्हा पाठीवरच येते. मार्चनंतर दुपारी घाटमाथ्याकडून वारा वाहू लागतो, तोही परतीच्या वाटेवर मागून ढकलतो. यात एकच सावधगिरी बाळगावी लागते. सकाळी समोरून येणाऱ्या वाहनचालकाच्या डोळ्यांवर ऊन असते आणि त्याला आपण उशिरा दिसतो, त्यामुळे उजाडल्यावरही पुढचा दिवा चालूच ठेवावा.

पुण्याहून या भागात पोहोचण्याचा सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे सातारा महामार्ग. सायकलने त्यावरून जाणे मात्र मी कोणालाही सुचवणार नाही. अवजड वाहने, उड्डाणपुलांचे जोड आणि मध्येच तुटणारे सेवा रस्ते यांत तीस-पस्तीस किलोमीटर घालवले की पुढच्या निवांत रस्त्यासाठी मनही उरत नाही आणि पायही. सायकल गाडीत घालून कापूरहोळ किंवा भोर गाठावे आणि तिथून सुरुवात करावी. घरापासूनच सायकल चालवायची असेल, तर खडकवासला, डोणजे, खानापूर या मार्गाने सिंहगडाच्या उत्तरेकडून जाऊन पाबे घाट चढावा आणि वेल्ह्याच्या खोऱ्यात उतरावे. डोणज्यापर्यंत रविवारी सिंहगडाकडे जाणाऱ्या वाहनांची गर्दी असते, म्हणून तो टप्पा उजाडण्यापूर्वी मागे पडला पाहिजे.

पाबे घाट लांबीने मोठा नाही, पण त्यातली काही वळणे अशी उभी आहेत की तिथे गिअरची निवड उघडी पडते. पुढे पन्नास-चौतीस दात्यांच्या चकत्या आणि मागे मोठी चकती निदान बत्तीस दात्यांची, एवढी तयारी रोड बाइकवर असावी. सामान घेऊन जायचे असेल, तर त्याहूनही हलका गिअर लागतो. चढाला आरंभ होण्यापूर्वीच गिअर खाली आणावा, कारण उभ्या वळणावर पायांचा पूर्ण जोर पडलेला असताना गिअर बदलला की चेन अडकते किंवा तुटते. उतारावर याहून अधिक काळजी घ्यावी लागते. काही वर्षांपूर्वी याच घाटातून वेल्ह्याच्या बाजूला उतरताना मी दोन्ही ब्रेक सतत धरून ठेवले होते. सायकलचे ब्रेक रिमवर घासणारे होते, रिम तापत गेली आणि शेवटच्या वळणाच्या अलीकडे मागची ट्यूब फुटली. वेग कमी होता म्हणून निभावले. सायकल रस्त्याच्या कडेला घेऊन रिमला बोट लावले तेव्हा ते क्षणभरही ठेवता आले नाही. तेव्हापासून मी वळणाच्या आधी ब्रेक घट्ट दाबून वेग पुरेसा कमी करतो, वळणात ब्रेक सोडतो आणि लांब उतारावर मध्ये एक-दोनदा थांबून रिम निवू देतो. डिस्क ब्रेक असले तरी हीच पद्धत चांगली.

वेल्हे हे तोरण्याच्या अगदी पायथ्याचे गाव आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटर उंचीचा हा गड रस्त्यावरून पाहताना मान पूर्ण वर करावी लागते, आणि प्रचंडगड हे त्याचे दुसरे नाव सायकलवर बसलेल्या माणसाला लगेच पटते. वेल्ह्यातून पूर्वेला विंझर, मार्गासनी या गावांवरून नसरापूरकडे येणारा रस्ता मध्यम चढउतारांचा आहे आणि नवख्या सायकलपटूने या प्रदेशाशी ओळख करून घेण्यासाठी तोच निवडावा. मार्गासनीहून साखरमार्गे गुंजवणे गावाकडे फुटणारा फाटा तर संपणाऱ्या रस्त्याचा उत्तम नमुना आहे, कारण त्याच्या शेवटी थेट राजगड उभा असतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत राजगडाचा समावेश आहे. त्यामुळे शनिवारी आणि रविवारी पहाटेपासून या फाट्यावर गिर्यारोहकांच्या गाड्या असतात. हा रस्ता मंगळवार-बुधवारसाठी राखून ठेवावा. नसरापूरजवळ १७४९ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी बांधलेले बनेश्वराचे मंदिर गर्द झाडीत आहे आणि दुपारच्या विसाव्यासाठी त्याहून चांगली जागा या रस्त्यावर नाही.

वेल्ह्याच्या पश्चिमेला केळद आणि मढे घाटाकडे जाणारा रस्ता अधिक रानातला आणि अधिक चढाचा आहे. सिंहगडावर धारातीर्थी पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचे पार्थिव याच मढे घाटाने कोकणात उमरठ्याला नेले, असे परंपरा सांगते. घाटाच्या तोंडाशी उभे राहिल्यावर डांबरी रस्ता मागे संपलेला असतो आणि पुढे फक्त पायवाट कोकणात उतरते. पावसाळ्यात धबधब्यासाठी इथे फार गर्दी होते, त्यामुळे ऑक्टोबर उलटल्यावर यावे. केळदच्या अलीकडे बराच वेळ मोबाइलला रेंज मिळत नाही. नकाशा आधीच उतरवून घ्यावा आणि कोणत्या वेळेपर्यंत परतणार, हे घरी सांगून निघावे.

माझे स्वतःचे मन मात्र नीरेच्या खोऱ्यात, म्हणजे हिरडस मावळात, सर्वांत अधिक रमते. हे बांदल देशमुखांचे खोरे. १६६० मध्ये घोडखिंडीत बाजीप्रभूंबरोबर जे लढले, ते बांदलांचे लोक याच गावांतले होते. कापूरहोळहून भोर सुमारे १४ किलोमीटर आहे. शंभूराजांना दूध पाजणाऱ्या धाराऊंचे कापूरहोळ मागे पडले की वाटेत भाटघर धरण लागते आणि भोरच्या अलीकडे नीरा नदी असे वळण घेते की वरून पाहताना गळ्यातल्या हारासारखी दिसते. भोरमध्ये पंतसचिवांचा वाडा पाहण्यासाठी तास-दीड तास हाताशी ठेवावा, आणि रात्रीचा मुक्कामही इथेच करावा. चारही खोऱ्यांकडे जाण्यासाठी हे गाव मध्यावर आहे, हवा भरायला आणि पंक्चर काढायला दुकाने आहेत, शिवाय पहाटे चहा मिळतो.

भोरहून महाडकडे जाणारा रस्ता नीरा-देवघर धरणाच्या जलाशयाला लागून निगुडघर, हिर्डोशी अशा गावांतून शिरगावपर्यंत चढत जातो. शिरगावाजवळ नीरेचा उगम आहे आणि पुढे वरंध घाटाच्या माथ्यावर वाघजाईचे मंदिर आहे. हा रस्ता कोकणात उतरणारा असला, तरी सुट्टीचे दिवस सोडता त्यावर वाहने तुरळकच असतात. वाघजाईला जाऊन त्याच दिवशी भोरला परतणे ही पूर्ण दिवसाची मजल आहे, त्यामुळे सकाळी साडेसहाच्या पुढे निघू नये. वाघजाईपाशी भजी आणि चहाच्या टपऱ्या आहेत, तिथली माकडे मात्र हँडलला लावलेली पिशवी डोळ्यांदेखत पळवतात. खाण्याचे सामान जर्सीच्या खिशात किंवा बंद पिशवीत असावे. पावसाळ्यात दरडींमुळे वरंध घाट वारंवार बंद ठेवला जातो. तेव्हा ‘सायकल काय, निघून जाईल’ असा विचार करून अडथळ्याच्या पलीकडे जाणे हा शुद्ध अविचार आहे. सुटलेला दगड सायकल आणि ट्रक यांत भेद करत नाही.

नोव्हेंबरमध्ये या रस्त्याने जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. भाताची कापणी झाली की गावांजवळ डांबरी रस्त्याच्या एका कडेला भात वाळत घातलेले असते आणि काही ठिकाणी पेंढाही पसरलेला असतो. हिर्डोशीच्या पुढे एकदा एक आजी अनवाणी पायांनी भाताच्या थरात सऱ्या ओढत होत्या, म्हणजे खालचे ओले दाणे वर येत होते. मी कडेने सायकल काढू लागलो, तेव्हा त्या म्हणाल्या, “लेकरा, जरा उतरून चल, दाणं फुटत्यात.” अरुंद टायरखाली दाणा खरोखरच फुटतो, आणि वर्षभराच्या धान्यावरून चाक नेणे बरे नव्हे. शिवाय पेंढ्याचे धागे मागच्या चकत्यांत गुंडाळले गेले की चेन उडते. अशा जागी समोर-मागे पाहून रस्त्याच्या मोकळ्या भागाने जावे, आणि वाहन येत असेल तर खाली उतरावे.

भोरच्या दक्षिणेचे रोहिड खोरे अर्ध्या दिवसात होण्यासारखे आहे. रोहिड्याच्या पायथ्याचे बाजारवाडी हे गाव भोरपासून सात-आठ किलोमीटरवर आहे आणि तिथपर्यंतची फेरी सकाळच्या न्याहारीपूर्वी पूर्ण होते. त्याहून लांब जायचे असेल तर आंबवड्याचा रस्ता धरावा. आंबवड्यात ओढ्याकाठी नागेश्वराचे जुने मंदिर आहे, त्याच्याजवळ भोर संस्थानाच्या काळातला झुलता पूल आहे आणि कान्होजी जेधे व जिवा महाला यांच्या समाध्याही याच गावात आहेत. जेध्यांचे कारी गाव इथून जवळच आहे. पुढे रस्ता कोर्ल्याकडे आणि रायरेश्वराच्या पायथ्याकडे चढत जातो. शिवरायांनी स्वराज्याची शपथ जिथे घेतली असे मानतात, ते रायरेश्वराचे पठार डोळ्यांसमोर वाढत राहते आणि चढही त्याच प्रमाणात वाढतो. शेवटच्या टप्प्यात उतरून सायकल ढकलण्यात काहीही कमीपणा नाही. पठारावर जाण्यासाठी तर शेवटी शिडीच चढावी लागते, त्यामुळे सायकल खाली एखाद्या घरी विचारून ठेवावी.

भाटघरच्या जलाशयाच्या कडेने वेळवंड खोऱ्यात भुतोंड्याकडे जाणारा रस्ता या सर्वांत कमी वाहतुकीचा आहे. भुतोंडे हे येसाजी कंकांचे गाव, आणि जलाशयालाही त्यांचेच नाव दिलेले आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी ओसरले की कांबऱ्याजवळचे कांबरेश्वराचे जुने मंदिर बाहेर येते. एरवी मी एप्रिल-मे महिन्यांत या भागात सायकल नेण्याच्या विरुद्ध आहे, पण या मंदिरासाठी पहाटेची एक फेरी करायला हरकत नाही. या रस्त्यावर हॉटेल मिळेलच असे गृहीत धरू नये. दोन बाटल्या पाणी, गूळ-शेंगदाणे किंवा दशम्या, दोन ट्यूब, पंप, टायर लिव्हर आणि चेन जोडण्याचे साधन जवळ असेल, तर कोणावर अवलंबून राहावे लागत नाही. जलाशय कितीही शांत दिसला तरी पोहण्यासाठी त्यात उतरू नये, कारण काठाचा गाळ खोल असतो आणि तळ एकदम सुटतो.

मांढरदेवी घाटाने वाईला उतरणारा रस्ताही सुंदर आहे, पण मंगळवारी, शुक्रवारी आणि पौष पौर्णिमेच्या यात्रेत तो भाविकांच्या वाहनांनी भरलेला असतो. ते दिवस सोडून गेल्यास वाई आणि मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडा एका मुक्कामात जोडून घेता येतो.

टायर २८ ते ३२ मिलिमीटर रुंदीचे असावेत, कारण धरणांच्या कडेचे रस्ते पावसाळ्यानंतर जागोजागी उखडतात आणि दुरुस्तीची खडी वळणांवर तशीच पडून असते. गावांच्या वेशीवर कुत्री अंगावर आली, तर वेग वाढवण्यापेक्षा थांबून सायकल आपल्या आणि त्यांच्या मध्ये धरावी. ती बहुधा लगेच शांत होतात.

तीन दिवस हाताशी असतील, तर पहिल्या दिवशी दुपारपर्यंत कापूरहोळहून भोर गाठून वाडा पाहावा आणि संध्याकाळी बाजारवाडीची छोटी फेरी करावी. दुसरा पूर्ण दिवस वाघजाईसाठी ठेवावा. तिसऱ्या दिवशी पाय जड झालेले असतील, म्हणून फक्त आंबवड्यापर्यंत जावे, नागेश्वराच्या देवळात थोडे बसावे आणि ऊन तापायच्या आत भोरला परतून सायकल गाडीत ठेवावी.