केमिकलची गाडी भरायच्या आधी

आरसी, फिटनेस, परमिट, पीयूसी, इन्शुरन्स हे सांगत बसत नाही, ते नसेल तर रेतीची गाडीपण काढू नका. ॲसिड, कॉस्टिक, सॉल्व्हंट, पेट्रोल-डिझेल असल्या मालाला वर काय लागतं तेवढंच लिहितोय.

सगळ्यात आधी ड्रायव्हरचं लायसन घ्या आणि कार्ड उलटं करा. पुढे ट्रान्सपोर्टची तारीख असते, ती पाच वर्षांची, ती बघून सगळे "चालू आहे" म्हणून मोकळे होतात. हॅझर्डसची, म्हणजे धोकादायक माल न्यायच्या परवानगीची, तारीख मागे वेगळी छापलेली असते आणि ती तीनच वर्षांची मिळते, मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीआधी तर एकच वर्ष मिळायची. म्हणजे लायसन चालू पण हॅझर्डस संपलेलं असं सर्रास होतं. मागच्या वेळी माझी गाडी घाटाखाली अडकली ती ह्याच्यावरूनच, मेन ड्रायव्हरचं कार्ड बघितलेलं, बदलीवाल्याचं राहिलं. तर दोघांची कार्डं, दोघांची मागची बाजू, आणि हातात घेऊन, कारण व्हॉट्सॲपवर लोक पुढचाच फोटो पाठवतात. नवीन माणूस असेल तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ९ चा तीन दिवसांचा कोर्स, त्याचं सर्टिफिकेट, मग आरटीओत नोंद, गाडी लागायच्या आदल्या रात्री ह्यातलं काहीच होत नाही.

मग पार्टीकडून, म्हणजे माल पाठवणाऱ्याकडून, एमएसडीएस (मालाच्या धोक्यांची माहिती देणारा कागद) आणि ट्रेम कार्ड (वाटेत अपघात झाला तर काय करायचं त्याचं कार्ड). मालाची पूर्ण माहिती देणं ही माल पाठवणाऱ्याची जबाबदारी आहे, नियम १३१, त्यामुळे "नंतर मेल करतो" म्हणाले तर गाडी गेटवरच ठेवा. आणि कार्ड केबिनमध्ये पाहिजे, ऑफिसच्या फायलीत नाही. गाडी उलटली की फायर ब्रिगेडवाले पहिलं विचारणार आत काय आहे, पाणी मारायचं का नाही, सल्फ्युरिकवर पाणी पडलं तर कसं उसळतं ते ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. ड्रायव्हरला वाचता येईल अशा भाषेतली एक प्रत पण द्या, नुसतं इंग्रजी लटकवून काय उपयोग.

गाडीवर मालाच्या माहितीचं पॅनल तीन ठिकाणी, दोन्ही बाजूंना आणि मागे. मालाचं नाव ५० मिमी, यूएन नंबर (मालाचा आंतरराष्ट्रीय ओळख नंबर) १०० मिमी, डायमंड (धोक्याचं चौकोनी चिन्ह) २५० मिमी, आणि इमर्जन्सीचा फोन. कालचा स्टिकर काढा हो. काल हायड्रोक्लोरिक होतं म्हणून १७८९ लावलेला आणि आज आत कॉस्टिक लाय, १८२४, असं फिरणारे आहेत, एक ॲसिड एक अल्कली, विझवायला आलेला माणूस काय समजणार? पॅनलवरचा फोन रात्री दोन वाजता स्वतः लावून बघा कोण उचलतं ते.

पेट्रोलियमचा टँकर असेल तर वर पेसोचं (स्फोटकं-पेट्रोलियमच्या सुरक्षेचं केंद्र सरकारचं खातं) लायसन्स, त्यांचं ऑफिस बेलापूरला सीजीओ कॉम्प्लेक्समध्ये. माहुलला रिफायनरीत भरायला जाणाऱ्यांना हे माहीत असतं, छोटे सॉल्व्हंटवाले मात्र विचारतच नाहीत. फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला वाफ पेट घेऊ शकते तो, २३ डिग्रीच्या खाली म्हणजे क्लास ए, मुंबईच्या उन्हात तो नेहमीच वाफ सोडत असतो. म्हणून सायलेन्सरला ठिणग्या अडवणारा स्पार्क अरेस्टर, म्हणून अर्थिंग.

इन्शुरन्स एक वेगळा लागतो, १९९१ च्या पब्लिक लायबिलिटीच्या कायद्याचा. साधा थर्ड पार्टी म्हणजे तो नाही, एजंट काही म्हणू दे.

आणि बदली ड्रायव्हरची हॅझर्डसची तारीख बघितली का? आत्ता बघा. ऐनवेळी माणूस बदलला तर परत बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(३) खाली पहिल्याच वेळी दहा हजार दंड आणि वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते, आणि अपघात झाला तर विमा कंपनी आधी हेच कार्ड मागते.

बाकी पटापट. डीसीपी (कोरड्या पावडरचा) एक्स्टिंग्विशर, हातमोजे, गॉगल, फर्स्ट एड, जीपीएस चालू. वाल्व गळत नाही ना. ॲसिड आणि कॉस्टिकचे ड्रम एकत्र नाही. जड गाड्यांच्या वेळा ट्रॅफिक पोलिसांच्या ताज्या नोटिफिकेशनवरून, ऐकीव नाही. घाटात घाई नाही, २०२३ च्या जूनमध्ये मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर लोणावळ्याजवळच्या कुणे पुलाजवळ टँकर पेटला तेव्हा पेटता माल खालच्या रस्त्यावर सांडला होता. काही झालं तर ड्रायव्हरने जवळच्या पोलीस स्टेशनला कळवायचं, मालकाला फोन त्यानंतर. रिकामा टँकर गॅस-फ्री (आत पेटणारी वाफ उरली नाही) सर्टिफिकेटशिवाय वेल्डिंगला न्यायचा नाही.