वनस्पतिसंकलनाच्या जुन्या हस्तलिखित नोंदी हाताळताना या चुका टाळा

खानदेशातल्या एखाद्या कपाटात शंभर वर्षांपूर्वीच्या वनस्पतिसंकलकाची वही सापडली, की उत्साही मंडळी प्रथम तिची ‘दुरुस्ती’ करायला बसतात. सर्वांत मोठे नुकसान तेथेच होते.

एका संग्रहात वाळवलेल्या नमुन्यांवरच्या मूळ चिठ्ठ्या जीर्ण झाल्या म्हणून काढून टाकल्या आणि टंकलिखित चिठ्ठ्या लावल्या. मूळ चिठ्ठीवर स्थळ म्हणून नुसते ‘खानदेश’ होते, त्याचे नव्या चिठ्ठीवर ‘जळगाव’ झाले, आणि कोपऱ्यातला संकलन-क्रमांक, म्हणजे संकलकाने त्या नमुन्याला दिलेला क्रमांक, निरुपयोगी समजून गाळला गेला. वस्तुतः १९०६ साली पूर्व व पश्चिम असे भाग पडण्यापूर्वीच्या खानदेश जिल्ह्यात आजचे जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे मुख्यतः सामावलेले होते. पुढे त्याच संकलकाची वही माझ्या हाती आली. तीत क्रमांकवार, आज नंदुरबार जिल्ह्यात असलेल्या तोरणमाळच्या उताराची उंची, दगडमाती, सोबतची झाडे आणि फुलाचा ताजा रंग लिहिलेला होता. नमुना वाळला की रंग बहुधा उडतो, तो अशा वहीतच उरतो. परंतु क्रमांकच नाहीसे झाल्यामुळे कोणती नोंद कोणत्या नमुन्याची, हे मला जुळवता आले नाही, आणि त्याची हळहळ अजून गेलेली नाही.

जुने शास्त्रीय नाव खोडू नये. पळसाचे ‘ब्युटिया फ्रॉन्डोसा’ आज ‘ब्युटिया मोनोस्पर्मा’ झाले असले, तरी संकलकाने काय ओळखले होते हे कळायलाच हवे. मी नवे नाव वेगळ्या चिठ्ठीवर, तारीख आणि स्वतःचे नाव घालून लिहितो.

भिल्ल किंवा पावरा वाटाड्यांकडून ऐकून लिहिलेली नावे प्रमाण मराठीत बसवू नयेत, जशी आहेत तशीच उतरवावीत. रोमन अंकांतला महिना दोनदा वाचावा, कारण नऊचा (IX) अकरा (XI) झाला की सातपुड्यातला फुलोरा सप्टेंबरातून नोव्हेंबरात जातो. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन पूर्णपणे वर्ज्य समजावे.

पहिल्याच दिवशी संगणकात तक्ता भरण्याची घाई मला मान्य नाही. मी आधी सर्व पानांची, कोरी पानेसुद्धा धरून, छायाचित्रे घेतो, मग रोज थोडीच पाने पेन्सिलीने उतरवतो आणि दुसऱ्या दिवशी ती मुळाशी ताडून पाहतो, कारण परके हस्ताक्षर सरावानेच उलगडते. वहीत दबलेले सुटे चिठोरे मात्र ते कोणत्या दोन पानांमध्ये होते हे लिहिल्याखेरीज उचलू नये.