दगडफूल चढलेला अशनी: बांधावर ओळखायचा कसा, उचलायचा कसा

खानदेशी काळ्या मसाल्यात पडणारं दगडफूल आणि बांधावरच्या दगडांवरचे राखाडी, काळे, नारिंगी डाग एकाच घराण्यातले. पुस्तकी नाव शैवाक, म्हणजे बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्र संसार. मसाल्यातलं पानासारखं सुटं असतं. धुळे-जळगावच्या उन्हात टिकतं ते बहुतेक पपडीसारखं, नखानं न निघणारं. अशनी, म्हणजे आकाशातून पडलेला दगड, वर्षानुवर्षं उघड्यावर पडून राहिला तर त्यावरही हेच चढतं. पंचाईत अशी की ज्या खुणांवरून अशनी ओळखायचा, नेमक्या त्याच खुणा दगडफूल झाकतं किंवा त्यांची नक्कल करतं.

एक गोष्ट मात्र दगडफूल लगेच सांगतं. काल रात्री आगीचा गोळा दिसला आणि सकाळी शिवारात पपडी चढलेला दगड सापडला, तर तो दगड त्या गोळ्याचा नव्हे. पपडीचं दगडफूल वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर, बऱ्याचदा त्याहूनही कमी वाढतं. २०१२ च्या मे महिन्यात नागपूरजवळच्या काटोलला पडले तसे ताजे अशनी काळ्या कवचाचे आणि स्वच्छ असतात.

डाग कशाचा आहे?

अशनी हवेतून येताना त्याचा पृष्ठभाग वितळून गोठतो आणि जळकं काळं कवच तयार होतं. ते सहसा एक मिलिमीटरहून पातळ असतं. काळं दगडफूल लांबून हुबेहूब तसंच दिसतं. दहा पट दाखवणारं भिंग घ्या आणि डागाची कड बघा. कवच सलग असतं, उन्हात तडकलेल्या चिखलासारख्या बारीक भेगांचं. टवका उडालेला असेल तिथं खाली वेगळ्या, बहुधा फिकट रंगाचा दगड दिसतो. दगडफुलाची कड नागमोडी असते आणि अंगावर बारीक वाट्या किंवा टिपके असतात. त्यातून त्याचे बीजाणू सुटतात.

तरी शंका राहिली तर डागाच्या कडेला डिस्टिल्ड पाण्याचा एकच थेंब टेकवा आणि दोन मिनिटं थांबा. राखाडी दगडफूल ओलं झालं की हिरवट होतं. काळं काही वेळा काळंच राहतं, पण फुगून मऊ होतं. कवच नुसतं ओलं दिसतं. थेंब लगेच टिपून घ्या.

नारिंगी डागाला बहुतेक जण गंज समजतात. गंज खडकाच्या भेगांतून पसरतो आणि घासला की बोटाला लागतो. नारिंगी दगडफूल गोल ठिगळांनी वाढतं. खात्रीसाठी त्याची मोहरीएवढी खपली पांढऱ्या कागदावर काढा आणि तिच्यावर १० टक्के कॉस्टिक पोटॅशचा (पोटॅशियम हायड्रॉक्साइड, कातडी भाजणारं रसायन) थेंब टाका. नारिंगी दगडफुलाच्या नेहमीच्या जाती जांभळट लाल होतात. हा थेंब दगडावर मात्र कधीच टाकायचा नाही, आणि हातमोजे घालायचे. तिसरा नारिंगी रंग शेंदराचा. दगड कुणाचा म्हसोबा असेल तर हात जोडा आणि पुढे चला.

चुंबकावर विसंबू नका

इंटरनेटवरचा पहिला सल्ला चुंबकाचा असतो. खानदेशात तो दोन्ही बाजूंनी फसवतो. आपला काळा बेसाल्ट म्हणजे दख्खनच्या पठाराचा थिजलेला लाव्हा. त्यात मॅग्नेटाइट हे चुंबकाला ओढणारं लोखंडाचं खनिज असतं, म्हणून बांधावरचा कुठलाही काळा गोटा दोऱ्याला टांगलेलं चुंबक ओढतो. उलट १८४३ साली खानदेशातच मानेगावला पडलेला अशनी डायोजेनाइट जातीचा आहे. बहुतेक अशनींत चुंबकाला ओढणारा लोखंडी धातू असतो, या जातीत तो जवळजवळ नसतो, म्हणजे आपल्या मुलखाचा नोंदलेला अशनीच चुंबकाच्या परीक्षेत नापास व्हायचा. शिवाय जोरदार निओडिमियम चुंबक टेकवलं की दगडात जपलेली मूळ चुंबकीय नोंद पुसते आणि ती परत येत नाही. बघायचंच असेल तर साधा होकायंत्राचा काटा जवळ नेऊन बघा, तेवढं पुरे.

त्यापेक्षा घनता मोजा. पाण्यात बुडवून नको, गंज सुरू होतो आणि दगडफूल पाणी पिऊन वजन बिघडवतं. एका लिटरच्या डब्यात राजगिरा भरा, डबा ठोकून बसवा, वर पट्टी फिरवून सपाट करा. निम्मा राजगिरा काढा, दगड ठेवा, पुन्हा तसाच ठोकत सपाट भरा. जो राजगिरा उरला तो मापपात्रात तसाच ठोकून मोजला की दगडाचं आकारमान मिळालं. दगड ५४० ग्रॅमचा आणि उरलेला राजगिरा १६० मिली असेल तर घनता ३.४. बेसाल्ट साधारण २.८ ते ३.० भरतो, दगडी अशनी बहुतेक ३.२ ते ३.७. तीनदा मोजून सरासरी घ्या. ठोकणं कमीजास्त झालं की पाच टक्क्यांची चूक सहज होते. दगड मुठीपेक्षा लहान असेल तर ही रीत भरवशाची नाही.

दगडात बुडबुड्यांची भोकं किंवा पांढऱ्या गारगोट्यांनी भरलेले खळगे दिसले तर मोजायचा त्रासही घेऊ नका, तो बेसाल्टच. लोहाराच्या भट्टीतला मळही असाच भोकांचा, जड आणि चुंबकाला चिकटणारा असतो.

उचलण्याआधी

शोधायला एप्रिल-मे बरा. पऱ्हाट्या निघालेल्या असतात, नांगरट झालेली असते, दगड कोरडा असतो. पावसाळ्यात दगडफूल हिरवं होऊन उठून दिसतं, पण ओला अशनी घरी आणणं म्हणजे गंज घरी आणणं.

दगड हलवण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवा. जीपीएसचा आकडा, उत्तर दिशा, कुठली बाजू वर होती, माती दगडाच्या कुठपर्यंत होती, हे लिहून घ्या. दगडफूल मातीच्या रेषेशी थांबतं. ते खालच्या बाजूलाही दिसलं तर नांगरानं किंवा माणसानं दगड उलटला आहे, आणि सापडलेली जागा ही पडलेली जागा नव्हे. सर्वांत मोठ्या गोल ठिगळाचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजा. त्यावरून थेट वय काढू नका. त्यासाठी याच हवामानात, साल कोरलेल्या विहिरीच्या किंवा घाटाच्या दगडांवरची ठिगळं आधी मोजावी लागतात.

शेजारचे दगडफूल चढलेले दोन साधे गोटे आणि मूठभर माती वेगळ्या पुड्यांत घ्या. अशनीवर आणि बेसाल्टवर एकच जात वाढली की वेगळी, हे त्याशिवाय कळणार नाही.

उचलताना उघडा हात लावू नका, घामातलं मीठ धातूला खातं. कोऱ्या ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचा तर ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी हवीच. नुसत्या पिशवीत दमट दगडावर बुरशी धरते आणि दगडफूलही सडतं.

साफ करायचं का?

शक्यतो नाही. पपडीचे तंतू दगडाच्या कणांमधून आत, कधी काही मिलिमीटरपर्यंत शिरलेले असतात. वरून ओढलं की कवचही त्याच्याबरोबर येतं. दगडफूल ऑक्झॅलिक आम्ल सोडतं, त्यामुळे त्याच्याखालचं कवच बऱ्याचदा आधीच पोखरलेलं असतं. म्हणून कवच शोधायचं तर मातीत गाडलेल्या बाजूला शोधा.

आतला दगड बघायचाच असेल तर कोपऱ्यावरचं एकच नाण्याएवढं ठिगळ काढा. डिस्टिल्ड पाण्यात भिजवून पिळलेला कापूस त्यावर पाच मिनिटं ठेवा, मऊ झालेलं ठिगळ बांबूच्या काडीनं कडेकडून सोडवा, लगेच ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं जागा पुसा आणि दगड दोन दिवस सिलिका जेलच्या डब्यात ठेवा. निघालेलं ठिगळ फेकू नका. कागदाच्या पुडीत वाळवून त्यावर तारीख आणि जागा लिहा. मग त्या जागी ४०० नंबरच्या पॉलिश पेपरनं बोटाच्या नखाएवढी खिडकी घासा. चंदेरी धातूचे ठिपके दिसले तर आशा आहे. नाही दिसले तरी मानेगाव आठवा.

तारेचा ब्रश वापरला तर पोलादाच्या रेघा उमटतात आणि धातू दिसल्याचा खोटा आनंद होतो. ब्लीचमधला क्लोरीन लोखंडाला आतून गंजवतो; दगड काही महिन्यांनी डब्यातच भुगा होऊ शकतो. व्हिनेगर आणि लिंबू दगडफुलाच्या आधी अशनीचीच खनिजं खातात.

पुढची ओळख प्रयोगशाळेचं काम. अशनींचं काम भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण बघतं, दगडफुलाच्या जातीसाठी पुण्याची आघारकर संशोधन संस्था आहे. नव्या अशनीची आंतरराष्ट्रीय नोंद करताना २० ग्रॅम किंवा एकूण वजनाचा २० टक्के भाग, यातलं जे कमी असेल ते, संस्थेत कायमचं ठेवावं लागतं. तो तुकडा दगडफुलासकट द्या.