जाड रंगाचे तैलचित्र पाहताना या चुका टाळा

जाड लेपाच्या भावाविष्कारी तैलचित्रासमोर मधोमध उभे राहून एकदाच नजर टाकणे, ही मला सर्वांत अधिक खटकणारी चूक आहे. अशा चित्राचा पृष्ठभाग उंचसखल असतो. सुरीने किंवा ब्रशने उठवलेल्या रंगाच्या कडा प्रकाश अडवतात आणि चित्राचा बराचसा भाव त्यांच्या सावल्यांत असतो. भारतीय चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा यांनी १९६०च्या दशकात काळ्यावर काळा रंग लावून केलेल्या चित्रांत तर आकृती दिसते ती फटकाऱ्यांच्या उठावामुळेच.

काही वर्षांपूर्वी मी विद्यार्थ्यांना मुंबईतल्या एका प्रदर्शनाला नेले होते. एका काळपट चित्रासमोर एका मुलाने मोबाइलचा फ्लॅश मारून फोटो काढला, चित्राऐवजी फोटोच न्याहाळला आणि "सर, यात काहीच नाही" असे म्हणून तो पुढे निघाला. समोरून पडलेल्या फ्लॅशने सगळ्या सावल्या पुसल्या जातात, त्यामुळे त्याच्या फोटोत खरोखरच काही नव्हते. मी त्याला परत बोलावून चित्राच्या कडेला, भिंतीलगत उभे केले. तिथून तिरक्या उजेडात दिसले की सुरीने ओढलेला रंग एके ठिकाणी वळून थांबला होता आणि त्या वळीखाली आधीच्या थरातली विटकरी रेघ दोऱ्याएवढी डोकावत होती. मुलगा बराच वेळ तिथून हलला नाही.

मी स्वतः आधी दहा पावलांवरून, मग दोन्ही बाजूंनी आणि शेवटी हातभर अंतरावरून पाहतो. शीर्षकाची पट्टी त्यानंतरच वाचतो.

काळा म्हणजे दुःख आणि लाल म्हणजे राग, हा कोष्टकी आळस सोडावा.

खडबडीत फटकारे पाहून "हे घाईत केलेले आहे" असे म्हणणाऱ्यांनी लंडनचे चित्रकार फ्रँक ऑरबाख आठवावेत. मनाजोगते न उतरलेले काम ते खरवडून काढत आणि पुन्हा आरंभ करत. एकेका चित्राला असे महिनोन्‌महिने जात. झटपट रसग्रहणाच्या मागे लागलेल्यांनी निदान पंधरा मिनिटे तरी द्यावीत.

पोत बोटांनी चाचपून पाहणे तर अक्षम्यच आहे. तैलरंग पाणी उडून सुकत नाही, तेलाचा प्राणवायूशी संयोग होऊन तो घट्ट होतो. जाड थरावर वरून साय धरली तरी आतला रंग वर्षानुवर्षे मऊ राहू शकतो. हात पाठीमागे बांधूनच जवळ जावे.