ऑस्करच्या व्हीएफएक्स अवॉर्डचा इतिहास बघायचाय? मग हरलेले पिक्चरपण बघा

व्हीएफएक्स, म्हणजे पिक्चरमधले व्हिज्युअल इफेक्ट्स, शिकणारी बरीच पोरं ऑस्कर विनर्सची यादी काढतात, एकामागोमाग पिक्चर बघत सुटतात आणि शेवटी हाताला फारसं काही लागत नाही, कारण नुसता विनर बघून त्या वर्षी मत देणाऱ्यांना नेमकं काय भारी वाटलं ते कळतच नाही. माझं ऐका, एका वर्षाचा जिंकलेला एक आणि हरलेला एक असे जोडीनेच बघा.

आधी यादी नीट लावून घ्या. ऑस्कर देणाऱ्या अकॅडमीच्या साईटवर सगळी वर्षं सर्च करता येतात, फक्त पिक्चरचं वर्ष आणि सोहळ्याचं वर्ष वेगळं असतं, म्हणजे 1939 चे पिक्चर 1940 च्या सोहळ्यात, हे एकदा ठरवून घ्या नाहीतर सगळा घोळ होतो. शिवाय कॅटेगरीचं नाव बदलत गेलंय. 1929 च्या पहिल्या सोहळ्यात 'विंग्ज'साठी रॉय पोमेरॉयला मिळालं ते इंजिनिअरिंग इफेक्ट्सचं अवॉर्ड होतं आणि ते पुढच्याच वर्षी बंद झालं. रेग्युलर स्पेशल इफेक्ट्सची कॅटेगरी 1939 च्या पिक्चरपासून, पण त्यात साऊंडपण धरलेला, तो 1963 ला वेगळा काढला. आणि 'पोसायडन अ‍ॅडव्हेंचर', 'सुपरमॅन', 'टोटल रिकॉल' यांना तर स्पर्धा न होता थेट स्पेशल अचिव्हमेंट दिलंय, त्यामुळे त्या वर्षी हरलेले शोधत बसू नका, ते नाहीतच.

आता पहिली जोडी 1939 ची घ्या. 'गॉन विथ द विंड' आणि 'विझर्ड ऑफ ऑझ' दोन्ही हरले, जिंकला 'द रेन्स केम'. त्याची गोष्ट आपल्याकडचीच आहे, रांचीपूर नावाचं काल्पनिक संस्थान, तिथे भूकंप होतो आणि मग पूर येतो. तो पूर आवाज चालू ठेवून बघा आणि मग बंद करून बघा. तेव्हा चित्र आणि आवाज एकाच अवॉर्डमध्ये होते म्हणून हे करून बघणं गरजेचं आहे, लगेच फरक जाणवतो.

मग 1963, 'क्लिओपात्रा' जिंकला आणि हिचकॉकचा 'द बर्ड्स' हरला. मला हा निकाल अजूनही पटत नाही. 'बर्ड्स'मध्ये पक्षी वेगळे काढून सीनमध्ये बसवायला डिस्नेकडची सोडियम व्हेपर पद्धत वापरली होती आणि पुढच्याच वर्षी तीच पद्धत वापरणारा 'मेरी पॉपिन्स' जिंकला! म्हणून हे तीन एकत्रच बघा. पक्ष्यांच्या पंखांच्या कडा पॉज करून तपासा, किती स्वच्छ निघाल्यात ते बघा.

1968 च्या '2001: अ स्पेस ओडिसी'ला पोचलात की अवॉर्डवर कोणाचं नाव आहे ते बघायला लागा. तिथे एकट्या डायरेक्टर कुब्रिकचं आहे, ते त्याचं एकमेव ऑस्कर, पण शेवटचा तो रंगांचा बोगदा स्लिट-स्कॅनने (बारीक फटीतून चित्र हळूहळू फिल्मवर घ्यायची पद्धत) बनवणारा डग्लस ट्रम्बुल त्यात नाही. 'ज्युरासिक पार्क'ला चार नावं आहेत, आणि त्यात खरोखरचे यांत्रिक डायनासोर बनवणारा स्टॅन विन्स्टन आहे, स्टॉप मोशनमधून (बाहुली थोडी थोडी हलवत एकेक फ्रेम शूट करणं) आलेला फिल टिपेट आहे आणि कॉम्प्युटरवाला डेनिस म्युरेनपण आहे. प्रत्येक डायनासोर शॉटला हा बनवलेला की कॉम्प्युटरचा असं वहीत लिहा, कॉम्प्युटरचे वाटतात त्यापेक्षा कमी निघतील. त्याआधी 1982 चा 'ट्रॉन' बघून घ्या, त्याला या अवॉर्डचं नॉमिनेशनसुद्धा मिळालं नव्हतं, डायरेक्टर लिस्बर्गरच्या म्हणण्यानुसार तेव्हा अकॅडमीला कॉम्प्युटर वापरणं म्हणजे चीटिंग वाटायचं.

2013 चा सोहळा मात्र घाईत उरकू नका. 'लाईफ ऑफ पाय' जिंकला, पण त्यातला वाघ बनवणाऱ्या रिदम अँड ह्यूज कंपनीने अकराच दिवस आधी दिवाळखोरी जाहीर केली होती, सोहळ्याच्या थिएटरबाहेर आर्टिस्ट निदर्शनं करत होते आणि स्टेजवर अवॉर्ड घेणारा व्हीएफएक्स सुपरवायझर बिल वेस्टनहोफर त्याबद्दल बोलायला लागला तर म्युझिक वाजवून त्याला थांबवलं. या कंपनीचे स्टुडिओ मुंबई आणि हैदराबादलाही होते, म्हणजे तो वाघ आपल्या लोकांच्या हातचाही आहे, तेव्हा शेवटची नावं पूर्ण संपेपर्यंत बघा. मला तर ती नावं वाचल्याशिवाय पिक्चर बघितल्यासारखाच वाटत नाही. त्याच्यासमोर 'गॉडझिला मायनस वन' ठेवा, 2024 ला जिंकला, 35 आर्टिस्ट आणि 610 शॉट्स, आणि डायरेक्टर यामाझाकी स्वतःच व्हीएफएक्स सुपरवायझर. कुब्रिकनंतर हे अवॉर्ड घेणारा तो पहिला डायरेक्टर.

एवढं झालं की स्वतः अंदाज लावायला लागा. डिसेंबरमध्ये दहाची शॉर्टलिस्ट येते, त्यातून व्हीएफएक्सवाले लोक पाच निवडतात, पण फायनल मत सगळ्या मेंबर्सचं असतं, अ‍ॅक्टर, एडिटर सगळे. म्हणून बेस्ट पिक्चरच्या यादीतलं एखादं नाव इथेही असेल तर बहुतेक वेळा तेच जिंकतं. 2015 च्या पिक्चरमध्ये 'मॅड मॅक्स', 'मार्शियन', 'रेव्हेनंट' तिन्ही बेस्ट पिक्चरच्या यादीत असून छोटासा 'एक्स मशिना' जिंकला होता, तो का जिंकला ते आधी चारही बघून स्वतःच्या शब्दांत लिहा, मग पुढच्या वर्षीचा अंदाज लावा.