सी प्लस प्लसमधला मोबाइल गेम: आधी डेस्कटॉपवर पळवा, मग फोनवर

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास असतो. अशात लॅपटॉपवर अँड्रॉइडचा एम्युलेटर, म्हणजे स्क्रीनवर चालणारा नकली फोन, सुरू केला की पंखा विहिरीवरच्या मोटरीसारखा घुमायला लागतो. म्हणून एम्युलेटर उतरवूच नका. गेम आधी डेस्कटॉपच्या विंडोत चालवा, तिथे नीट जमला की खऱ्या फोनवर न्या. दोन्हीकडे तोच कोड चालावा यासाठी एसडीएल ही मोफत लायब्ररी घ्या. विंडो, स्पर्श, आवाज सगळं तीच सांभाळते.

सुरुवात फोल्डरपासून. हसू नका, माझी एक अख्खी रात्र यात गेली आहे. विंडोजमध्ये युजरचं नाव आणि आडनाव मध्ये जागा सोडून लिहिलेलं असेल, तर ती जागा एसडीकेच्या (अँड्रॉइड अॅप बनवायच्या अवजारांचा संच) पत्त्यातही येते आणि एनडीके (त्यातला सी प्लस प्लससाठीचा भाग) तिथेच अडखळतो. देवनागरी नावाचा फोल्डरही नको. डी ड्राइव्हवर इंग्रजी अक्षरांत, जागा न सोडता एक फोल्डर करा आणि एसडीके, प्रोजेक्ट सगळं त्यातच ठेवा.

आता अँड्रॉइड स्टुडिओ, म्हणजे अँड्रॉइडची अॅप बनवायचा प्रोग्राम. ८ जीबी रॅम लागतेच. 'टूल्स'मधून 'एसडीके मॅनेजर' उघडा, 'एसडीके टूल्स' टॅबवर जा आणि तीनच खुणा करा: एनडीके, सीमेक (कोणत्या फायलींपासून काय बनवायचं ते ठरवणारं साधन), प्लॅटफॉर्म टूल्स (फोनशी बोलणारी साधनं). डाउनलोड काही जीबींचं होतं, त्यामुळे रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर भागणार नाही. कुणाकडे वायफाय असेल तिथे लॅपटॉप घेऊन जा. पहिला बिल्ड (कोडचं अॅप बनणं) तिथेच होऊ द्या, कारण ते काम करणारा ग्रेडलही बरंच काही उतरवतो. नंतर ग्रेडलचा ऑफलाइन मोड लावला की शेतातल्या खोलीवरही काम चालतं.

डेस्कटॉपसाठी व्हिज्युअल स्टुडिओ कम्युनिटी घ्या आणि त्यातला सी प्लस प्लसचा डेस्कटॉप संच निवडा. समजा रावेरच्या केळीचे घड ट्रकमध्ये झेलायचा गेम आहे. घडाचा वेग, गुण, टक्कर हे सगळं इथेच पक्कं करा. अॅड्रेस सॅनिटायझर चालू ठेवा; मेमरीची चूक कोणत्या ओळीत आहे ते तो सांगतो. फोनवर तीच चूक असली तर गेम नुसता गपकन बंद पडतो, मग बसा लॉगकॅट (फोनमधल्या नोंदी) चाळत.

फोनवर जाताना एसडीएलच्या सोर्समधला 'अँड्रॉइड-प्रोजेक्ट' फोल्डर उचला, त्यातल्या 'जेएनआय'मध्ये एसडीएल आणि तुमच्या फायली ठेवा. फोनच्या सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. तिथे यूएसबी डीबगिंग चालू करा. फोन दिसत नसेल तर आधी केबल बदला. बसस्टँडवर घेतलेल्या बऱ्याच केबली फक्त चार्जिंगच्याच असतात. एबीआय, म्हणजे कोणत्या प्रकारच्या प्रोसेसरसाठी बिल्ड करायचा ते, फक्त ६४ बिट आर्मचा ठेवा, नाहीतर एकाच कोडचे चार-चार बिल्ड होत बसतील.

एक खोच राहिली. डेस्कटॉपवर चित्र साध्या फोल्डरमधून उघडतं, फोनवर ते एपीकेच्या (अॅपची बांधलेली एकच फाइल) पोटात असतं, म्हणून 'एफओपन' हे फाइल उघडायचं नेहमीचं फंक्शन तिथे हात टेकतं. चित्रं 'अॅसेट्स' फोल्डरमध्ये टाका आणि पहिल्या दिवसापासून एसडीएलचीच फाइल उघडणारी फंक्शन्स वापरा.

प्ले स्टोअरवर टाकायचा बेत असेल तर एनडीके २८ किंवा त्यापुढचा घ्या. नव्या फोनांतल्या १६ केबी मेमरी पानांची (फोन मेमरी ज्या तुकड्यांत वाटतो ते तुकडे) सोय त्यात आपोआप होते.